जपान दुसऱ्यांदा, आणि या वेळी पुढच्या डब्यातून

आमच्या अण्णांनी अख्खा हिंदुस्थान पाहिला, पण पाठमोरा. ते रेल्वेत गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात मागे तोंड करून बसायचं आणि जे मागे सरकत जाईल त्यावर नजर ठेवायची, यात त्यांची नोकरी झाली. गंगा, शोण, यमुना या सगळ्या नद्या त्यांनी ओलांडून झाल्यावर पाहिल्या. त्यामुळे कुठलीही गोष्ट होऊन गेली की अण्णांना ती लख्ख दिसते, येताना मात्र दिसत नाही. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही आपण त्यांना तासाभराने दिसलो, असं आई सांगते.

अशा माणसाने जपानच्या प्रवासाची आखणी केली. एकदा नाही, दोनदा.

आम्ही काशीचे मराठी. कोणी एक पूर्वज यात्रेला म्हणून आले आणि परत कसं जायचं ते न ठरल्यामुळे ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत राहून गेले. तेव्हा प्रवासाचं नियोजन हा विषय आमच्या घराण्यात पहिल्यापासून कच्चाच. घरात आम्ही तिघं: आई, अण्णा आणि मी. मी शाळेत भूगोल शिकवत असे, आता निवृत्त आहे. आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे घरात मला रस्ता कोणीही विचारत नाही.

आता जपान कुठून आलं ते सांगते.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत आमच्या वरच्या खोलीत एक जपानी मुलगी राहायला आली. रामघाटावरच्या एका शास्त्रीबुवांकडे ती संस्कृत शिकायला जाई. संस्कृत तिला किती आलं ते देवांनाच ठाऊक, त्यांचीच भाषा आहे ती. पण आईच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसता बसता ती मराठी मात्र अस्सल शिकली, म्हणजे आमच्यासारखी, निम्मी हिंदी. भाजीवाल्याशी ती असा भाव करायची की तो शेवटी गाडी तिच्या हवाली करून कचोरी खायला निघून जायचा. गल्ली आईला वहिनी म्हणते, म्हणून तीही वहिनी म्हणू लागली. मी तिला मावशी म्हणायचे. जेमतेम माझी थोरली बहीण शोभेल एवढ्या वयाची होती, पण पुरणपोळी आईसारखी लाटायची, आणि आमच्या घरात नातं पोळीवरून ठरतं.

पाच-सहा वर्षांनी एक दिवस तिच्या वडिलांच्या आजारपणाचा फोन आला आणि ती त्याच दिवशी निघाली. आई तेव्हा माहेरी इंदूरला गेली होती. परत येऊन बघते तर वरची खोली झाडून पुसून रिकामी, आणि मुलगी ओटी न भरता गेलेली.

घरची मुलगी निघाली की हळदीकुंकू लावून तिच्या पदरात तांदूळ, नारळ आणि खण घालायचा, हा आईचा नियम. ओटी न भरता गेलेली मुलगी म्हणजे अर्धवट गेलेली मुलगी. ती इथली राहत नाही आणि तिथली होत नाही. पुढे मावशीने लग्न केलं नाही, वादळात तिच्या घराची कौलं उडाली, जपानात वेळोवेळी भूकंप झाले. या सगळ्याचं कारण आईला माहीत होतं.

म्हणून आम्ही पहिल्यांदा जपानला गेलो. एका सहलीबरोबर गेलो. सहलीत एक दिवस मोकळा होता, त्या दिवशी मावशीचं गाव गाठायचं ठरलं. ओटीचं सगळं सामान आईने घरून नेलं होतं. विमानतळावर एका अधिकाऱ्याने नारळ आणि तांदूळ बाहेर काढले आणि हे देशात नेता येणार नाही म्हणून सांगितलं. पण त्याने तो नारळ असा दोन्ही हातांनी घेतला आणि वर इतका वाकला, की आईने सवयीने त्याला कुंकू लावायला बोट पुढे केलं. जपानी सरकारची ओटी आमच्याकडून तिथेच भरली गेली. उरला फक्त खण.

मावशीचं गाव पश्चिमेकडच्या समुद्राकाठी. बुलेट ट्रेनने ओकायामाला जायचं, तिथून डोंगर ओलांडणारी गाडी, आणि शेवटी दोन डब्यांची एक डिझेल गाडी, जी आपल्याकडच्या मिनीबसपेक्षा थोडी लांब आणि देवघरापेक्षा स्वच्छ. अण्णा आम्हाला थेट दुसऱ्या डब्यात घेऊन गेले.

"ज्या डब्यात गार्ड, तो डबा सोडून गाडी जात नाही," ते म्हणाले. "हे मी जन्मभर केलंय."

"पण अण्णा, इथे गार्ड दिसत नाहीये."

"हातपाय धुवायला गेला असेल."

गाडीत गार्ड नव्हताच. एकटा ड्रायव्हर गाडी चालवतो, तोच तिकिटं घेतो, आणि लहान स्टेशनांवर फक्त पुढच्या डब्याचं पुढचं दार उघडतो. आमच्या दारावर हे चार भाषांत लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, जाहिरात असेल.

स्टेशन आलं. एक फलाट, एक बाक आणि मागे समुद्र. पुढच्या दाराशी मावशी उभी. पांढरे केस, हातात छत्री. आम्ही सामानासकट मागच्या दाराशी तयार. दार उघडेना. मावशीने आम्हाला पाहिलं आणि ती फलाटावरून आमच्याकडे धावत आली. काचेच्या त्या बाजूने तिने हात टेकवला, या बाजूने आईने. आणि गाडी, हिरव्या झेंडीची वाट न बघता, निघाली.

पुढच्या मोठ्या स्टेशनावर उतरलो तेव्हा कळलं की सहलीची गाडी गाठायची तर परतीला एकच गाडी आहे, आणि ती एक्सप्रेस आहे. मावशीच्या स्टेशनावर थांबत नाही. मी फोन करून तिला तसं सांगितलं. एक्सप्रेस तिच्या गावावरून गेली तेव्हा ती तिथेच उभी होती, आणि हात हलवत होती, किंवा छत्री. नक्की सांगता येणार नाही, कारण आम्ही बघेपर्यंत पुढची तीन गावं होऊन गेली होती.

त्या दिवशी तिचा फोन आला. "वहिनी, साडी एकदम छान होती. जांभळी ना? पहिल्या वेळेला नीट दिसली. दुसऱ्या वेळेला गाडी तेज होती."

आई काशीला परत येईपर्यंत अण्णांशी बोलली नाही. विमानात सरबत हवं असलं तर हवाईसुंदरीला सांगायची, "त्यांना विचारा, त्यांना हवंय का."

हे झालं पहिल्या खेपेचं. गेल्या थंडीत मावशीचा पुन्हा फोन आला. तिचा चेहरा फोनवर कपाळापासून वरच दिसतो, पण आवाज खणखणीत.

"वहिनी, मी घर खाली करते आहे. मार्च संपला की भाचा घेऊन जाणार, लांब उत्तरेला. तिथे म्हाताऱ्यांचं एक घर आहे. खाना अच्छा आहे म्हणतात."

आई म्हणाली, "मी आल्याशिवाय निघायचं नाही."

"अहो वहिनी, तुमचे गुडघे!"

"गुडघे इथे ठेवून येते."

एकदा घर सोडताना ओटी राहिली होती. आता ही दुसऱ्यांदा घर सोडणार, आणि यानंतर सोडण्यासारखं घर तिच्याकडे उरणार नव्हतं. आईने एवढंच सांगितलं आणि ती भाजी चिरायला बसली. विषय तिच्यापुरता संपला होता. आमच्यापुरता सुरू झाला.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीतली गालिचावजा सतरंजी गुंडाळली आणि फरशीवर खडूने जपान काढलं. रेल्वेचा माणूस मार्ग डोक्यात आखत नाही, जमिनीवर आखतो. देव्हाऱ्यापासून मोरीपर्यंत होन्शू बेट पसरलं. ओसाका म्हणजे लिंबू, ओकायामा म्हणजे आवळा, मावशीचं गाव म्हणजे सुपारी, आणि बुलेट ट्रेनच्या जागी एक केळं. आईला चहा करायला जाताना रोज पॅसिफिक महासागर ओलांडावा लागे. पहिल्याच आठवड्यात कामवाल्या बाईंनी क्योटो पुसून टाकलं. मग गच्चीवरून माकड आलं आणि बुलेट ट्रेन घेऊन गेलं. अण्णा काठी घेऊन मागे धावले, तर समोरच्या छपरावर बसून त्याने ती सोलली. "टाइमाच्या आत संपवली लेकाने," अण्णा आदराने म्हणाले.

पहिला वाद दिशेचा. मी म्हटलं, दिल्लीहून विमान घेऊ.

"जपान कुठे आहे?" अण्णांनी विचारलं.

"पूर्वेला."

"दिल्ली?"

"पश्चिमेला."

"मुलांना हेच शिकवायचीस का?"

त्यांचं म्हणणं, गाडीने कलकत्त्याला जायचं, म्हणजे तेवढं तरी जपान आपल्या खर्चाने जवळ येतं. शेवटी तसंच ठरलं: मुगलसरायहून रात्रीची गाडी, कलकत्त्याहून विमान, मध्ये बँकॉक, मग ओसाका.

दुसरा वाद अंतराचा. एक गाडी उतरून दुसरी धरायची तर मध्ये निदान पाच तास हवेत, हे अण्णांचं ठाम मत. हे मत त्यांनी धुक्याच्या दिवसांत उत्तर प्रदेशात कमावलेलं. ओसाकाला पाच तास, ओकायामाला पाच, डोंगरापलीकडे पाच. मी फोनवर वेळापत्रक काढून दाखवलं की तिथे आठ मिनिटांत गाडी बदलतात.

"आठ मिनिटांत?" अण्णा हसले. "आठ मिनिटांत तर आमचा ड्रायव्हर चहा फुंकत असे."

त्यांच्या हिशेबाने गेलो असतो तर मावशी उत्तरेला जाऊन, तिथे कंटाळून परत आली असती आणि तरी आम्ही ओकायामाच्या बाकावर दशमी खात बसलो असतो. पण हा वाद आईनेच मिटवला. तिने मोरीवर जाताना वाटेतल्या दोन स्टेशनांपाशी लिहिलेल्या पाच-पाच तासांवर पाय दिला आणि म्हणाली, "पुसलं गेलं. राहू दे तसंच."

खरा वाद तिसरा. डब्याचा.

मी हळूच म्हटलं, "अण्णा, शेवटच्या गाडीत या वेळी पुढच्या डब्यात बसायचं हं."

अण्णांनी खडू खाली ठेवला. "का?"

"का म्हणजे? दार पुढचंच उघडतं!"

"मागच्या वेळी उघडलं नाही ती त्या ड्रायव्हरची चूक. मी ड्यूटीवर असतो तर रिपोर्ट केला असता."

"तिथे गार्डच नसतो, अण्णा."

"गार्ड नसलेली गाडी मी मानत नाही," ते म्हणाले. "दारं कोणी बघायची? म्हातारं माणूस अर्धं उतरलेलं असताना गाडी हलली, तर पुढे बसलेल्या ड्रायव्हरला कळेल? तो पुढे बघतो. मागे कोण बघतं?"

खरं तर ते बरोबरच बोलत होते, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाला पुढच्या डब्यात बसवणं फार अवघड. दोन-तीन दिवस घरात हाच विषय. अण्णा म्हणत, पुढचा डबा म्हणजे धडक बसली तर आधी आपण. अण्णा म्हणत, गार्डने पुढे बसणं म्हणजे आचाऱ्याने पंगतीत बसणं. एकदा तर त्यांनी, पुढच्या डब्यात मळमळतं, असंही सांगितलं. ते पुढच्या डब्यात आजवर कधी बसलेच नव्हते.

शेवटी आई आली, सुपारीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही मागे बसा. आम्ही दोघी पुढे बसतो. आम्ही उतरू. तुम्ही काचेतून हात हलवा. त्या बिचारीला सवय आहे."

अण्णा आत गेले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यातून त्यांनी हिरवी झेंडी काढली. विटून शेवाळी झालेली, पण काठी घट्ट.

"पुढे बसतो," ते म्हणाले. "पण तुला उतरवायची जबाबदारी माझी. मी आधी फलाटावर उतरणार, तू उतरल्यावर दोन्हीकडे बघणार, सगळं ठीक असलं तरच झेंडी दाखवणार. त्याशिवाय गाडी हलायची नाही."

"जपानी ड्रायव्हरला तुमची झेंडी कळणार का?" मी विचारलं.

"हिरवा रंग कळेल ना?"

मग तालमी सुरू झाल्या. आमच्या जिन्याची शेवटची पायरी उंच आहे, तीच गाडीची पायरी धरली. अण्णा आधी खाली उतरत, आईला हात देत. आई एक गुडघा, मग दुसरा गुडघा, मग देवाचं नाव, अशी उतरे. मी पिशव्या घेऊन तिच्यामागून. अण्णा वर बघत, खाली बघत, झेंडी दाखवत आणि जिना चढून वर जात. आम्ही दोघी खाली उभ्या. सगळी गल्ली बघायला जमे. समोरचा पानवाला ओरडे, "गार्ड साहब, गाड़ी आज राइट टाइम बा?" पंधरवडाभर रोज अशी तालीम झाली आणि तिच्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

निघायच्या आधी एक शेवटची अडचण आली, ती शेजारच्या गुरुजींनी काढली. गाडी शनिवारची. शनिवारी पूर्वेला दिशाशूल. शनिवारी पूर्वेला निघू नये.

"तिकीट काढलंय, गुरुजी," मी म्हटलं.

"मग गुरुवारी प्रस्थान ठेवा. प्रवासाचं थोडं सामान बांधून पूर्वेकडच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. तुम्ही गुरुवारीच निघालात असं झालं. शनिवारी वाटेत ते उचलायचं, घरी परत आणायचं नाही."

सोपं होतं. फक्त आमच्या पूर्वेला कोणाचं घर नव्हतं. आमच्या पूर्वेला गंगा आहे, आणि गंगेपलीकडे वाळू.

आईने एका फडक्यात खण, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि अण्णांचा एक मोजा बांधला आणि ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या उतरून ती बोचकी नावाड्याकडे दिली. नाव घाटाच्या पूर्वेला बांधलेली होतीच.

"अम्मा, ई गठरी जापान जाई?" नावाड्याने विचारलं.

"हां. इसको पानी नहीं लगना चाहिए."

त्याने ती फळीखाली अशी जपली, जशी वर्षभराची कमाई. शनिवारपर्यंत ती बोचकी सगळ्या घाटांवर प्रसिद्ध झाली. नावेत बसणाऱ्या प्रवाशांना तो आधी मणिकर्णिका दाखवी, मग संकठा घाट, मग फळी उचलून बोचकी दाखवी. तिच्यासोबत फोटो काढून घेणारे निघाले. कोणीतरी तिच्यावर झेंडूही वाहिला. शनिवारी आम्ही त्याच नावेत बसून राजघाटापर्यंत गेलो आणि तिथून बोचकीसकट मुगलसराय गाठलं. तिथे गाडी पाच तास उशिरा आली. अण्णांनी माझ्याकडे एकदाच बघितलं.

पुढचा प्रवास मी भराभर सांगते, कारण तो तसाच झाला. बुलेट ट्रेनमध्ये अण्णांना एक माणूस सापडला: टोपी, पांढरे हातमोजे, गाडी निघताना डोकं बाहेर काढून, बोट रोखून फलाट तपासणारा. "गार्ड!" अण्णा म्हणाले आणि जागेवरून उठले. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करू लागले. तो वाकला की हे वाकत, हे वाकले की तो. दोघंही वरिष्ठतेचा मान राखणारे. ते थांबले तेव्हा ओकायामा आलं होतं.

तिथे आठ मिनिटांत गाडी बदलायची होती. आम्ही बदलली आणि एक मिनिट उरलं. अण्णांना हे आवडलं नाही. उरलेला मिनिटभर ते घड्याळाकडे संशयाने बघत राहिले.

आणि मग ती दोन डब्यांची गाडी. अण्णा मागच्या डब्याच्या दाराशी क्षणभर थांबले, त्याला हात लावला आणि पुढे चालत आले. ड्रायव्हरच्या पाठीमागे काचेपाशी उभं राहायला जागा असते, तिथे उभे राहिले. गाडी सुटली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, हे सगळं समोरून येतंय."

बोगदा समोरून आला. समुद्र समोरून आला. अण्णांनी पहिल्यांदाच एक पूल ओलांडायच्या आधी पाहिला. त्यांना मळमळलं वगैरे नाही.

स्टेशन आलं तेव्हा फलाट, बाक आणि छत्री, सगळं जागच्या जागी. दार उघडलं. अण्णा आधी उतरले, त्यांनी हात पुढे केला. आई एक गुडघा, मग दुसरा गुडघा, मग देवाचं नाव घेत उतरली, आणि तिचा दुसरा पाय फलाटाला लागायच्या आत मावशीने तिला धरलं. मी तिकिटं ड्रायव्हरपुढच्या पेटीत टाकली आणि पिशव्या घेऊन उतरले.

ड्रायव्हर तरुण होता. गाडी थांबवून, आमच्याकडे बघत अदबीने थांबला होता. अण्णा ताठ उभे राहिले. त्यांनी गाडीच्या मागच्या टोकापर्यंत बघितलं, दोन डबे होते तरी वीस डबे असल्यासारखं बघितलं. आईचे पाय बघितले. पिशव्या मोजल्या. मग काखेतली झेंडी काढली आणि हात लांब करून दाखवली. त्या पोराने काय समजायचं ते समजून टोपीला हात लावला.

आणि झेंडी गुंडाळून अण्णा गाडीत चढले.

जन्मभर हेच केलं होतं. झेंडी दाखवायची आणि चढायचं. तालमीतही रोज हेच झालं होतं. दार बंद झालं. गाडी निघाली. काचेआड अण्णा अगदी समाधानी चेहऱ्याने उभे, काम चोख झाल्यासारखे. फलाट मागे सरकायला लागल्यावर त्यांना आम्ही दिसलो.

"वहिनी," मावशीने विचारलं, "अण्णा कुठे चालले?"

"ड्यूटीवर," आई म्हणाली.

मावशीने सवयीने हात हलवला. मग दोघी बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. किती वेळ हसत होत्या कोण जाणे, मला वाटतं भरती येऊन ओसरली. मी समुद्राकडे बघत पिशव्या सांभाळत होते. हसताना मावशी मध्येच आईच्या साडीचा पदर बोटांनी चाचपून बघे. काचेतून दिसली होती ती जांभळीच होती, मुद्दाम नेसलेली.

अण्णा संध्याकाळी परत आले, पुढच्या डब्यातून. त्यांना ड्रायव्हरने स्वतः उतरवून दिलं.

आम्ही मावशीकडे राहिलो, तिचं घर रिकामं होईपर्यंत. बशा कागदात गुंडाळल्या, पुरणपोळ्या केल्या, भाच्याला खाऊ घातल्या. त्याने वर डबा मागून घेतला. निघायच्या सकाळी आईने तिला उंबऱ्यात उभं केलं. तांदूळ तिच्याच डब्यातले. नारळाच्या जागी तिच्या परसातलं पपनसासारखं मोठं पिवळं फळ. खण काशीचा, झेंडूच्या वासाचा. मावशीला पदर नव्हता, तिने एप्रनचा ओचा केला. आईने कुंकू लावलं, ओटी भरली आणि म्हणाली, "आता जा."

"येते, वहिनी," मावशी म्हणाली. जायच्या वेळी जाते म्हणायचं नसतं, हे ती विसरली नव्हती.

भाच्याने मोटार सुरू केली. अण्णांनी रस्ता दोन्हीकडे बघितला, काखेतली झेंडी काढली आणि दाखवली. मोटार हलली.

अण्णा चढले नाहीत. आईने त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता.